गाळलेलं वाक्य

लढाई संपून चाळीस वर्षं उलटली तरी देशाचे सर्वेसर्वा थोरले मेले, यावर गल्लीत कोणाचा विश्वास बसत नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांची कोठी जळाली, जिंकलेल्यांनी राख चाळून पाहिली, आणि हे थोरल्यांचं हाड असं छातीठोकपणे सांगावं असं काही तिच्यात निघालं नाही. लोकांना तेवढं पुरलं. तेव्हापासून थोरले कुठे कुठे दिसत होते! कधी समुद्रापलीकडच्या मठात झाडांना पाणी घालताना, कधी एका बेटावर मासे विकताना, कधी बाईच्या वेषात रेल्वेच्या फलाटावर. न्हाव्याच्या दुकानात या बातम्या गरम पाण्यासोबत फुकट मिळत. न्हावी अर्धी दाढी करून थांबायचा, वस्तरा हवेत धरायचा आणि म्हणायचा, "माझ्या साडूच्या मावसभावाने बघितलंय, स्वतःच्या डोळ्यांनी. मिशा काढल्यात, पण चाल तीच." ज्याची दाढी अर्धी राहिलेली असे, त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नसे.

खरं तर थोरल्यांची चाल पाहिली होती कोणी? ते लोकांत कधी आलेच नाहीत. भिंतीभिंतीवर त्यांची तसबीर होती, पण ती चित्रकाराने काढलेली, आणि चित्रकाराला आपला जीव प्यारा होता. लोकांना थोरले ठाऊक होते ते आवाजावरून. रोज संध्याकाळी रेडिओवर तो आवाज यायचा, खोल, सावकाश, घरातल्या वडीलधाऱ्याने पाठीवर हात ठेवावा तसा. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी बायका जागच्या हलत नसत.

न्हाव्याला लागून वेताच्या खुर्च्यांचं दुकान होतं आणि तिथे मौनी बसायचा. लढाई संपल्यावर फाटके बूट घालून हा माणूस गल्लीत आला होता. जवळ बॉम्ब पडला नि वाचा गेली, असं त्याने खुणांनी सांगितलं. त्या दिवसांत कोणाचा हात गेला होता, कोणाचा पाय, कोणाचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. एकाची वाचा गेली तर त्यात नवल ते काय! गल्लीने त्याला मौनी म्हणायला सुरुवात केली आणि आपलं मानून टाकलं. "मौनी, आज घसा बसलाय का रे?" ही थट्टा न्हावी अजून रोज करायचा आणि मौनी अजून रोज हसायचा.

मौनी मुका नव्हता. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात मला गंमत वाटत नाही. मौनी मुका नव्हता, आणि रेडिओवरचा तो आवाज त्याचा होता.

थोरल्यांचा स्वतःचा आवाज किरटा होता. रागावले की तो फाटायचा, आणि रागावायचे तर ते उठता बसता. असा आवाज ऐकून कोण मरायला जाईल? मग त्यांच्या माणसांनी रेडिओ केंद्रातला एक पोरगेला निवेदक उचलला. बाजारभाव आणि हवामान सांगणारा मुलगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, पण आवाज असा की म्हाताऱ्यांनीही खाली बसून ऐकावं. त्याला एका बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. समोर थोरले स्वतः खुर्ची ओढून बसत. कागद त्याच्यापुढे सरकवत, आणि तो वाचू लागला की त्याच्यासोबत आवाज न करता ओठ हलवत. जणू आवाज त्यांच्याच तोंडातून निघतोय. हे गुपित ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि शेवटच्या आठवड्यात थोरल्यांनी ती एकेक करून संपवली. मौनी वाचला तो निव्वळ तापामुळे. त्याला दवाखान्यात हलवलं होतं, शोधायला माणसं आली तेव्हा तो मागच्या दाराने पळाला. नंतर तर जिंकलेलेही त्याला फासावर चढवायला कमी करणार नव्हते. तोंड उघडलं की मेलो, एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्याने ते मिटलं.

पहिली काही वर्षं तो झोपताना दातांत वेताचा तुकडा धरायचा. झोपेत एखादा शब्द निसटला तर काय घ्या!

दुकान मुळात त्याच्या बायकोच्या वडिलांचं. त्यांनी त्याला हाताखाली ठेवलं, आणि काम शिकवलं ते त्यांच्या मुलीने. वेत किती भिजू द्यायचा, पट्टी सोलताना अंगठा कुठे ठेवायचा, चौकटीच्या भोकात ती ओवून खुंटी कशी ठोकायची. तेव्हा ती मालकाची लेक आणि हा नोकर, म्हणून ती त्याला अरे-तुरे करायची. लग्न झालं तरी ते तसंच राहिलं. शेजारणी चिडवायच्या, "अगं, नवऱ्याला अरे म्हणतेस?" ती म्हणायची, "त्याने हरकत घेतली तर बंद करीन."

कामातूनच त्यांची भाषा झाली. पट्टी ओढ म्हणून जी खूण, तीच घाई कर म्हणून. वेत भिजतोय म्हणून जी खूण, तीच जरा दम धर म्हणून. बघता बघता त्या खुणांत रुसवे आले, चेष्टा आल्या, दिवसभराच्या गप्पा आल्या. मूल झालं नाही. त्याचं मौनीला वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं, कारण मांडीवरचं मूल रडत असताना बाप गप्प कसा राहणार?

आणि मग तिच्या भावाची गोष्ट होती. ती तिने त्याला लग्नाआधीच सांगितली होती, आणि नंतरही वर्षातून एकदा तरी सांगायचीच. लढाईच्या शेवटी, सगळं हातचं गेलेलं असताना, थोरल्यांनी रेडिओवरून पोरांना पुलावर बोलावलं होतं. धाकटा जेवायला बसला होता. अजून शाळेत जाणारा, दाढी यावी म्हणून उगाच वस्तरा फिरवणारा. आवाज ऐकला आणि तो ताटावरून उठला. आई दारात आडवी झाली. तर तिला उचलून बाजूला ठेवून गेला.

"तो असा कधी कुणाचं ऐकायचा नाही रे," ती म्हणायची. "बाबांचं नाही, मास्तरांचं नाही. पण त्या आवाजात काय होतं कोण जाणे. मला अजून ऐकू येतो. मेल्यावरही मी तो ओळखीन."

पुलावरून कोणी परत आलं नाही. त्या संध्याकाळचा कागद मौनीनेच वाचला होता. तोवर तो जिवाच्या भीतीने मुका होता. ही गोष्ट ऐकली त्या दिवसापासून तो तिच्या भीतीने मुका झाला. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती, कारण तिच्यात प्रेम मिसळलेलं होतं.

उतारवयात तिचे डोळे गेले. आधी पट्ट्यांची जाळी धूसर झाली, मग खिडकी, मग मौनी. डॉक्टरांनी हात टेकले. ती रडली ती एकाच गोष्टीसाठी. "आता मला तुझं बोलणं कसं दिसणार रे?" मौनीने तिचा हात ओढून घेतला आणि त्यांच्या सगळ्या खुणा एकेक करून तिच्या तळव्यावर उतरवल्या. बोट ओढलं की घाई कर. बोटं नुसती टेकवून ठेवली की दम धर. तळव्यावर एकदा टिचकी म्हणजे हो, मूठ मिटून दिली म्हणजे नाही. ती शिकली. विणकाम तर तिला बोटांनीच येत होतं, ते चालूच राहिलं. संध्याकाळी दुकान बंद करून दोघं उंबऱ्यात बसत आणि तिच्या तळव्यावर गप्पा मारत. तिचे डोळे गेल्यापासून ती त्याला जास्तच बिलगून असायची. इतकं सुख आपल्या वाट्याला आलं याची मौनीला लाज वाटायची, आणि तरी ते सोडवत नव्हतं.

अशात एका सकाळी न्हावी वर्तमानपत्र फडकावत आला. त्याच्या मागे साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच उठून आलेलं.

"सापडले! थोरले सापडले! डोंगरात मधमाश्या पाळून होते. मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही मासे म्हणत होता," मौनीची म्हातारी म्हणाली.

"मासे काय नि मध काय, ताई! माणूस तोच ना?"

पण तो तोच माणूस का, हेच तर कोणाला सांगता येत नव्हतं. मधवाल्याचे कागद चोख होते. चेहरा म्हणावा तर तसबिरीशी काडीचाही मेळ नव्हता. बोटांचे ठसे, आजारपणाच्या नोंदी, सगळं कोठीसोबत जळलेलं. शेवटी चौकशी समितीने ठरवलं की आवाजावरून ओळख पटवायची. रेडिओ केंद्राच्या तळघरात एक तबकडी शाबूत सापडली होती, नेमकी पुलावर बोलावणाऱ्या त्या संध्याकाळची. ज्यांच्या घरातलं कोणी पुलावर गेलं होतं अशा लोकांना गावोगावी बोलावून ती ऐकवायची, मग मधवाल्याला बोलायला लावायचं, आणि त्यांनी हो किंवा नाही सांगायचं. म्हातारीला बोलावणं आलं. डोळे नसलेल्याचे कान तिखट, असं समितीतल्या कोणाच्या तरी मनात असावं.

"मी जाणार," ती म्हणाली. "आणि तू माझ्याबरोबर येणार."

मौनीने मूठ मिटून तिच्या हातात दिली. तिने ती उघडून सरळ केली. "नाही म्हणू नकोस. आयुष्यात एवढंच एक काम माझं राहिलंय. तो माणूस सापडला की मी धाकट्याचं दार लावीन मनातलं. तोवर ते उघडंच आहे, आणि वारा येतो रे त्यातून."

मौनीने एक टिचकी मारली.

नगरपालिकेच्या सभागृहात गर्दी होती. म्हातारीची भाची सोबत होती, तिने मावशीला पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूला मौनी. समोरच्या टेबलामागे समितीचे अध्यक्ष होते, केस पिकलेले, थकलेले. आणि त्यांच्या शेजारी एका खुर्चीत तो मधवाला. चुरगळलेला कोट, हात मांडीवर, मान जरा कललेली. मौनीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. कोणी तरी म्हातारा. त्याने मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

तबकडी लावली. खरखर झाली, आणि मग तो आवाज आला.

"माझ्या लेकरांनो, शत्रू पुलापलीकडे उभा आहे. ज्याला दोन हात आहेत त्याने यावं. वय विचारू नका, मी विचारणार नाही..."

सभागृहात कोणी तरी हुंदका दिला. मौनीने मान खाली घातली. आपलाच आवाज, आणि इतका तरुण! इतका निरागस! त्याला कानांवर हात ठेवावेसे वाटत होते, पण त्याचा एक हात म्हातारीच्या हातात होता.

मग मधवाल्याला वर्तमानपत्र दिलं आणि वाचायला सांगितलं. त्याने हवामानाचा अंदाज वाचला. किरटा, चिरका, वयाने आणखी बारीक झालेला आवाज. काही जण तर हसलेच. कागद खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, माझ्या पेट्यांकडे बघायला कोणी नाही. घरी जाऊ द्या मला." एकेक करून लोकांना विचारलं गेलं. कोणी नाही म्हणालं, कोणी मान हलवली, एक म्हातारा चिडून म्हणाला, "हा तर बोकड आहे! थोरल्यांचा आवाज म्हणजे विहीर होती विहीर."

म्हातारी शेवटची होती. तिने अध्यक्षांना विनंती केली, "साहेब, तबकडी पुन्हा एकदा लावा. मला खात्री करून घ्यायची आहे."

तबकडी पुन्हा फिरू लागली. या वेळी मौनीला स्वतःला ऐकवेना, म्हणून त्याने मन दुसरीकडे लावायला मधवाल्याकडे पाहिलं.

मधवाल्याचे ओठ हलत होते. अगदी जरासे. पण तबकडीच्या मागून नव्हे, अर्धा शब्द पुढे. बिनखिडकीच्या खोलीत हलायचे तसे.

"...वय विचारू नका, मी विचारणार नाही. आई दारात आडवी आली तर तिला सांगा, मी बोलावलंय..."

'विचारणार नाही' नंतर तबकडीने सरळ आईचं वाक्य घेतलं. मधवाल्याचे ओठ मात्र भलतंच काही तरी म्हणत राहिले, आणि मग थांबले, आणि त्याच्या कपाळाला जुनी आठी पडली.

ती आठी मौनीला पाठ होती. त्या संध्याकाळी कागदावर मधेच एक ओळ हाताने लिहिलेली होती. 'उद्या इतिहास लिहिला जाईल, त्यात पहिलं नाव माझं असेल.' घाबरलेल्या मौनीच्या नजरेतून ती निसटली. वाचून झाल्यावर थोरल्यांनी त्याच्या तोंडात भडकावली होती आणि किरट्या आवाजात ते किंचाळले होते, "बाकी सगळं चिटणिसाचं होतं! तेवढं एकच वाक्य माझं होतं!" हजारो पोरं पुलाकडे निघाली होती, आणि या माणसाला त्या एका ओळीचं दुःख होतं.

म्हणजे हा तोच होता. आणि तो आत्ता उठून घरी जाणार होता, कारण त्याचा आवाज त्याचा नव्हता.

म्हातारीचे खांदे पडले. तिने मौनीचा तळवा उलटा केला आणि त्यावर बोटांनी सांगितलं, हा नव्हे. मग विचारलं, तुला काय वाटतं?

एक मूठ मिटून तिच्या हातात द्यायची, बस्स. ती अध्यक्षांना नाही म्हणेल, मधवाला मधमाश्यांकडे जाईल, आपण दोघं दुकानाकडे. संध्याकाळी उंबरा, तिचा तळवा, गप्पा. तिच्या मनातलं ते दार उघडंच राहील, पण त्याची तिला आता सवय झाली होती. मौनीने मूठ मिटलीसुद्धा. पण ती तिच्या हातात ठेवेपर्यंत त्याला तिच्याकडे पाहण्याची दुर्बुद्धी झाली. ती त्याच्या उत्तराची वाट बघत बसली होती, मान वर करून, एवढ्या विश्वासाने! या बाईला आयुष्यभर फसवलं, आता तिच्याच भावाच्या मारेकऱ्याला तिच्याच तोंडून सोडवायचं? मौनीला स्वतःची किळस आली. त्याने हात सोडवून घेतला आणि उठला.

"काका?" भाची म्हणाली.

तो टेबलापर्यंत गेला. लिहून देता आलं असतं. पण खुर्च्या विणणाऱ्या एका मुक्याच्या चिठ्ठीला कोण विचारतं? आणि ओठ हलले याला पुरावा कसला, त्या देशात ते भाषण अर्ध्या लोकांना पाठ होतं. पुरावा एकट्या मधवाल्याजवळ होता आणि तो त्याच्या तोंडून काढून घ्यायचा तर एकच मार्ग होता. मौनी मधवाल्यासमोर उभा राहिला. मधवाल्याने निर्विकार नजरेने वर पाहिलं; एवढ्या वर्षांत तो पोरगा त्याच्या लक्षात राहिला नव्हता.

मौनीने तोंड उघडलं. आधी नुसतीच हवा आली. मग घसा कुरकुरला, गंजलेल्या बिजागरीसारखा. मग तो आला. जरा जाड झालेला, जरा थकलेला, पण तोच.

"माझ्या लेकरांनो, शत्रू पुलापलीकडे उभा आहे. ज्याला दोन हात आहेत त्याने यावं."

मघाशी बोकड म्हणणारा म्हातारा उभा राहिला होता आणि खाली बसायचं विसरला होता. मागच्या रांगेत न्हावी, काही तरी पाहायला मिळेल म्हणून मुद्दाम आलेला, तोंडावर हात धरून बघत होता.

"वय विचारू नका," मौनी मधवाल्याच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मी विचारणार नाही." आणि तो जाणूनबुजून क्षणभर थांबला. मधवाल्याचे ओठ हलले. मौनीने ती ओळ पुन्हा गाळली. "आई दारात आडवी आली तर तिला सांगा..."

"गाळलंस!" मधवाल्याने टेबलावर मूठ आपटली. तो अर्धा उठला होता, मानेच्या शिरा ताठ, आवाज फाटलेला. "पुन्हा गाळलंस, गाढवा! माझं वाक्य!"

आणि मग आपण काय बोललो हे कळून तो हळूहळू खाली बसला. त्याने मांडीवर हात ठेवले, मान कलती केली, पण आता त्याचा उपयोग नव्हता. अध्यक्ष टेबलाला धरून उभे राहिले होते. "कोणतं वाक्य?" त्यांनी विचारलं. मौनीने ते सांगितलं, आणि तो कोण, ती खोली कुठली, तो कागद कसा होता, हेही सांगितलं. खाली मान घालून, हळू, फक्त अध्यक्षांना ऐकू जाईल इतपत. बाकीच्यांना ऐकायची गरज राहिली नव्हती. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सगळ्यांनी पाहिलं होतं, एकीखेरीज.

"तोच!" म्हातारी उभी राहून ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "साहेब, हाच आवाज! मघाशी त्याने मुद्दाम बदलला होता. हाच तो! माझ्या भावाला यानेच नेलं!" ती भाचीकडे वळली. "मी म्हटलं नव्हतं, मी ओळखीन म्हणून? आणि नंतर किंचाळलं ते कोण गं?"

भाचीला रडू येत होतं आणि ते मावशीला कळू नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला होता.

"काका कुठे गेला तुझा? मौनी! अरे, कुठे आहेस?"

मौनी परत आला. पुढे जमलेल्या लोकांतून चालताना ते त्याला वाट देत होते. आदराने नव्हे, अंग चोरून. न्हाव्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ज्याने त्याला रोज घसा बसला का म्हणून विचारलं होतं, त्याला आता विचारायला काही उरलं नव्हतं. मौनी तिच्या शेजारी बसला. तिने चाचपडत त्याचा हात शोधला, मांडीवर ओढून घेतला आणि घाईघाईने त्याच्या तळव्यावर सांगू लागली. सापडला. सापडला. बोटं तिची इतकी आनंदात होती की खुणा एकमेकींत मिसळत होत्या. धाकटा. पूल. आता झालं. घरी जाऊ.

"ऐकलंस ना तू?" ती म्हणाली. "बोल ना काही तरी. हात का असा गार पडलाय?"

मौनीला टिचकी मारता आली असती. एक टिचकी, आणि ती आनंदात घरी गेली असती. किती वेळ? भाचीचा धीर सुटेपर्यंत. न्हाव्याचं दुकान उघडेपर्यंत. हे तिला परक्याच्या तोंडून कळावं, हे त्याला सोसवेना. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"मीच होतो," तो म्हणाला. "आवाज माझा होता गं. तो म्हातारा किंचाळला, ते थोरले. पण आवाज पहिल्यापासून माझाच. त्या संध्याकाळीही."

तिचा हात त्याच्या हातांत होता तसाच राहिला. तिने फक्त दुसरा हात उचलला, त्याच्या तोंडावरून फिरवला, हनुवटीवरून खाली आणला आणि गळ्यावर ठेवला.

"माझं ऐक," तो म्हणाला, आणि तिच्या बोटांखाली तो आवाज थरथरला.

तिने दोन्ही हात काढून घेतले. लगबगीने नाही, रागानेही नाही. अनोळखी घरात चुकून शिरलेलं माणूस पाऊल मागे घेतं तसे. मग साडी सावरून ती उठली आणि जिथून अध्यक्षांचा आवाज आला होता तिकडे तोंड केलं.

"साहेब," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "माझा माणूस कुठे दिसतोय का बघता? इथेच माझ्या बाजूला बसला होता. मुका आहे हो तो. गर्दीत चुकला तर हाकसुद्धा मारता यायची नाही त्याला."

अध्यक्षांनी मौनीकडे पाहिलं. मौनीने तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारी हात पुढे करून उभी होती, तळवा वर, कोणी तरी येऊन धरील म्हणून, आणि भाची उठावं की बसावं हे न कळून रडत होती.